वैशाखातील न्याहारी आणि रात्रीचे जेवण : पाच माणसांसाठी सोपे घरगुती पदार्थ सुचवावेत

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार. माझी पत्नी नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दोन महिने धारवाडला गेली आहे, आणि घरात सध्या मी, आई-वडील व सुटीमुळे दिवसभर घरीच असलेली दोन मुले अशी पाच माणसे आहोत. दुपारचा स्वयंपाक करायला एक मावशी येतात. सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण मात्र माझ्याकडे आहे. मला वरण-भात, बटाट्याची भाजी आणि उप्पीट एवढेच नीट जमते. पहिल्याच आठवड्यात उप्पीट चार वेळा झाल्यामुळे माझी सात वर्षांची मुलगी आता ताटावरचे झाकण काढण्याआधीच "आज पण तेच का?" असे विचारते.

अडचणी थोडक्यात सांगतो. आमचे स्वयंपाकघर पश्चिमेच्या बाजूला आहे आणि वर थेट गच्ची आहे, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला मी कामावरून येतो तेव्हा ओट्याच्या फरशीवर हात ठेवला तरी ती कोमट लागते. अशा वेळी शेगडीसमोर अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहणे नकोसे होते. वडिलांना मधुमेह आहे, शिवाय कवळी नीट बसत नसल्याने त्यांना कडक भाकरी चावत नाही. आई सोमवारी आणि गुरुवारी कांदा-लसूण खात नाही. सकाळी साडेआठपर्यंत सर्वांची न्याहारी उरकून मला बाहेर पडावे लागते.

बाजारात सध्या कैरी, शेवग्याच्या शेंगा, काकडी आणि कच्चा फणस भरपूर दिसतो. पालेभाज्या मात्र घरी आणेपर्यंतच माना टाकतात. या दिवसांत जमतील, पोटाला जड होणार नाहीत आणि माझ्यासारख्या नवशिक्याला करता येतील असे पदार्थ कृपया सविस्तर सुचवावेत. "थोडेसे", "अंदाजाने" असे लिहू नये ही विशेष विनंती, कारण माझा अंदाज कसा असतो हे घरच्यांनी आठवडाभर अनुभवले आहे.

जांबोटीची माहेरवाशीण

दादा, तुमची खरी अडचण पदार्थांची नसून वेळेची आहे असे मला वाटते. वैशाखात सकाळी उठल्यावर न्याहारीचा विचार करायला बसले की हाती उप्पीटच लागते. आमच्याकडे खानापूरच्या पश्चिम भागात न्याहारी आदल्या रात्रीच अर्धी झालेली असायची, सकाळी फक्त तिला विस्तव दाखवायचा.

सर्वांत सोपे म्हणजे नाचणीचे आंबील. रात्री निजण्यापूर्वी नाचणीचे पीठ आठ मोठे चमचे घेऊन दोन पेले पाण्यात गुठळी न राहू देता कालवावे आणि झाकून ठेवावे. रात्रभरात त्याला हलकासा आंबूस वास येतो, तो यायलाच हवा. सकाळी पाच पेले पाणी मीठ घालून उकळत ठेवावे आणि त्यात हे कालवण एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. सात-आठ मिनिटांत त्याचा रंग गडद होतो, त्याला चकाकी येते आणि पळी वर उचलली असता तिच्या पाठीवर पातळ साय धरल्यासारखा थर राहतो. तेवढे झाले की उतरवावे. यापुढे घाई करू नये. आंबील बोट बुडवता येईल इतके निवल्यानंतरच तीन पेले ताक घालावे, कारण गरम आंबिलात ताक घातले की ते फाटते आणि पाणी वेगळे होते. वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर घालावी. कांदा आणि लसूण वेगळ्या वाटीत ठेवले की आईंच्या वारांचाही प्रश्न मिटतो.

दुसरे म्हणजे आंबोळी. तीन वाट्या जाडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी असे सकाळी भिजत घालावे, संध्याकाळी मूठभर पोहे भिजवून त्यासोबत वाटावे आणि पीठ रात्रभर ठेवावे. आंबोळीला डोशासारखे पातळ पसरवायचे नसते. पळीभर पीठ तव्यावर घालून किंचित फिरवायचे आणि झाकण ठेवायचे, त्यामुळे नवशिक्याचीही ती बिघडत नाही. ती मऊ असल्याने वडिलांना चावण्याचा त्रास होणार नाही. एकदा वाटलेल्या पिठाच्या पहिल्या दिवशी आंबोळ्या कराव्यात, दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची, कढीपत्ता घालून अप्पे करावेत, आणि तरीही पीठ उरलेच तर तिसऱ्या दिवशी त्याचे जाडसर उत्तप्पे करावेत. तोवर मुलगी उप्पीट विसरलेली असेल.

रात्री भात थोडा जास्त लावून झाकून ठेवला तर सकाळी फोडणीचा भातही होतो. आमच्याकडे तो ओट्यावरच झाकलेला असायचा.

अथणीकर

वरील ताईंनी सांगितलेले आंबील उत्तमच आहे. परंतु बेळगाव जिल्हा एक असला तरी जांबोटीचे ताट आणि अथणीचे ताट एक नाही. पश्चिमेला पाऊस आणि भात, मध्ये डोंगरउतारावर नाचणी, आणि आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात ज्वारी. म्हणून माझे उत्तर ज्वारीचे आहे, आणि ते रात्रीच्या जेवणासाठी आहे.

आपल्या वडिलांना भाकरी चावत नाही असे आपण लिहिले आहे. त्यांना ज्वारीच्या कण्या करून घालाव्यात. कानडीत यालाच नुच्चु म्हणतात, आणि आमच्या गल्लीत एकाच घरात दोन्ही शब्द ऐकू येतात. गिरणीत दोन किलो ज्वारी देऊन "पीठ नको, भरड काढा" असे सांगावे. घरी आणून ती चाळावी. खाली पडेल ते पीठ भाकरीला किंवा थालीपिठाला ठेवावे आणि वर राहतील त्या कण्या डब्यात भराव्यात. पाच जणांना दोन वाट्या कण्या पुरतात. सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्या दोन पाण्यांनी धुऊन भिजत घालाव्यात, पण उन्हाळ्यात भिजवलेले भांडे शीतकपाटात ठेवावे, नाहीतर पाण्यावर फेस धरतो. संध्याकाळी ते पाणी काढून टाकून आठ वाट्या नवे पाणी आणि मीठ घालून कुकरमध्ये पाच शिट्ट्या होऊ द्याव्यात, मग आच बारीक करून आणखी दहा मिनिटे ठेवावे. या पंचवीस-तीस मिनिटांत आपण शेगडीसमोर उभे राहण्याची काहीच गरज नाही; स्नान करावे, गच्चीवर पाणी मारावे.

कुकर उघडल्यावर कण्या पळीच्या पाठीने घोटाव्यात. गरम असताना त्या सैल दिसतात, पण निवल्या की घट्ट होतात, म्हणून पाणी कमी करण्याचा मोह टाळावा. ताटात कण्या, त्यांच्या मधोमध खळगा, खळग्यात ताक, आणि बाजूला शेंगदाण्याची चटणी. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात आठवड्यातून चार रात्री हेच असे आणि त्याचा कंटाळा आल्याचे मला आठवत नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केल्यावर शहरातील नातेवाईक मला ज्वारीचे महत्त्व समजावून सांगू लागले, हे जाता जाता नमूद करतो.

अंबाडीची कोवळी जुडी मिळाली तर पुंडी पल्ले अवश्य करावे. अंबाडीची पाने उकडून त्यांचे पाणी काढून टाकावे, म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो. मग अर्धी वाटी तुरीची डाळ आणि मूठभर याच कण्यांसोबत ती शिजवून घोटावीत आणि वरून भरपूर लसणाची फोडणी द्यावी. ही भाजी सकाळपेक्षा रात्री आणि रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. मात्र लसूण नसेल तर ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, सोमवार-गुरुवार टाळावेत.

कुळीथ मात्र या दिवसांत बंद ठेवावेत. ते उष्ण पडतात.

निपाणीच्या बाई (निवृत्त, गृहविज्ञान)

मी ३१ वर्षे शाळेत गृहविज्ञान शिकवले, त्यामुळे एका वाक्यावर अडखळल्याशिवाय पुढे जाता आले नाही. जांबोटीच्या ताईंनी भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याबद्दल लिहिले आहे. टिळकवाडीकरांनी, विशेषतः त्यांनी स्वतःच ज्या कोमट ओट्याचे वर्णन केले आहे त्यावर, असे करू नये.

कारण सांगते. तांदळात एका प्रकारच्या जिवाणूंची बीजे असतात आणि ती भात शिजतानाच्या उष्णतेनेही मरत नाहीत. शिजलेला ओलसर भात उबदार जागी तासन् तास राहिला की ती रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने, अगदी फोडणीत परतल्यानेही, नाहीसे होत नाही. भाताला वास आलेला नसतो, चवही बिघडलेली नसते, आणि दोन-चार तासांत घरात उलट्या सुरू होतात. माझ्याच घरी एका मे महिन्यात हे घडले होते, आणि त्या दिवशी स्वयंपाक मीच केला होता.

फोडणीचा भात करूच नये असे मी म्हणत नाही. जेवणे झाली की उरलेला भात पातेल्यात गच्च न ठेवता परातीत पसरावा, तासाभराच्या आत निववून झाकणाच्या डब्यात भरून शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपवावा. एकदा गरम केलेला भात दुसऱ्यांदा ठेवू नये. रात्री वीज बराच वेळ गेलेली असेल तर तो भात टाकून द्यावा. पाच माणसांच्या पोटापुढे वाटीभर भाताचा हिशेब करू नये.

वडिलांच्या मधुमेहाविषयीही दोन शब्द. नाचणी चांगली आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढे तांदळात किंवा गव्हात नसते. परंतु नाचणी आणि ज्वारी खाल्ल्याने साखर वाढतच नाही हा समज चुकीचा आहे. तीही धान्येच आहेत. शिवाय पातळ, मऊ शिजवलेले धान्य भाकरीपेक्षा लवकर पचते, म्हणून केवळ आंबील किंवा केवळ कण्या वाटीवर वाटी देऊ नयेत. सोबत मटकीची किंवा मुगाची उसळ, ताक, काकडी असावी आणि प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. औषधाच्या वेळा ठरलेल्या असतील तर रात्रीचे जेवण पुढे-मागे होऊ देऊ नये.

आणखी एक, आंबोळीच्या पिठाबद्दल. वैशाखात ते रात्रभर बाहेर ठेवले तर पहाटेपर्यंत फसफसून आंबट होते. संध्याकाळी सातला वाटले असेल तर बाराच्या सुमारास ते पुरेसे फुगलेले असते. निजण्यापूर्वी पाहावे, आणि फुगले असेल तर आत ठेवावे. भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये.

जांबोटीची माहेरवाशीण

बाई, तुमचे म्हणणे पटले. माहेरचे घर मातीच्या भिंतींचे आणि कौलारू होते, बाजूला झाडी होती, आणि रात्री तिथे मे महिन्यातही पांघरूण लागत असे. टिळकवाडीच्या स्लॅबखाली तो हिशेब चालणार नाही हे माझ्या लक्षात आले नाही.

कुळथाबद्दल मात्र अथणीकर काकांशी सहमत नाही. आमच्याकडे कुळथाचे पिठले बाराही महिने होते आणि उन्हाळ्यात त्यात दोन आमसुले जास्त पडतात, एवढाच फरक.

अथणीकर

आमसूल घातल्याने ते आंबट होईल, थंड कसे होईल?

जांबोटीची माहेरवाशीण

काका, ते जेवल्यावर वाटीभर सोलकढी प्यायली की कळते. दहा-बारा आमसुले पेलाभर कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावीत, कुस्करून गाळावीत, अर्ध्या नारळाच्या घट्ट दुधात मिसळावीत आणि मीठ, जिरे, मिरची घालावी. शेगडी पेटवायचीच नाही. टिळकवाडीकर दादांनी हेही लिहून ठेवावे.

वडगावची

या वादात न पडता मी अगदी बेळगावातल्या बेळगावात रोज होणारे लिहिते, कारण दादांना उद्या सकाळी काय करू हा प्रश्न आहे आणि भरड काढायला गिरणीत जाईपर्यंत रविवार उजाडेल.

उद्या सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेले चुरमुरे फोडणीला घालून केलेला पदार्थ, करावा. पाच माणसांना अडीचशे ग्रॅम चुरमुरे लागतात. पिशवी पाहून ते फार वाटतात, पण भिजले की पातेल्याच्या तळाशी जातात, म्हणून घाबरून कमी घेऊ नयेत. आधी फोडणीची सर्व तयारी करून ठेवावी, कारण भिजलेले चुरमुरे वाट पाहत नाहीत. दोन कांदे, चार हिरव्या मिरच्या, कढीपत्ता चिरून घ्यावा आणि तीन मोठे चमचे पुटाणी (भाजलेली हरभरा डाळ) मिक्सरमधून फिरवून तिची पूड करावी. मग मोठ्या भांड्यात पाणी घेऊन चुरमुरे त्यात टाकावेत. ते वर तरंगतात आणि हलकासा चुर्र आवाज करतात. तळव्याने त्यांना खाली दाबावे, दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मुठीमुठीने पिळून काढावेत. पिळलेला दाणा दोन बोटांत दाबला तर चपटा व्हावा, पण त्याचा लगदा होऊ नये. लगदा होत असेल तर पुढच्या खेपेस पाचच आकडे मोजावेत, कारण चुरमुरे पातळ आहेत की जाड यावर ते अवलंबून असते. हे पिळण्याचे काम मुलीकडे द्यावे. माझ्या मुलीने सहाव्या वर्षापासून ते दुसऱ्या कोणाला करू दिलेले नाही.

तीन मोठे चमचे तेलात मोहरी, मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद परतावी, चुरमुरे घालून दोन मिनिटे हलवावे, शेवटी पुटाणीची पूड, चिमूटभर साखर आणि लिंबू. पुटाणीची पूड उरलेले पाणी शोषून घेते, त्यामुळे चुरमुरे मोकळे राहतात. चुरमुरे खारे असतील तर मीठ चाखूनच घालावे. आईंच्या वारांना कांद्याऐवजी किसलेली कैरी घालावी आणि लिंबू वगळावे. पंधरा मिनिटांत पाचही जणांचे खाऊन होते.

रात्रीसाठी दहीबुत्ती. दोन वाट्या तांदळाचा भात सहा वाट्या पाणी घालून मऊ शिजवावा, गरम असतानाच घोटावा, कोमट झाल्यावर वाटीभर दूध आणि दोन वाट्या ताजे दही घालावे. दूध घातल्याने जेवायला बसेपर्यंत ती आंबट होत नाही आणि घट्टही बसत नाही. मोहरी, उडीद डाळ, किसलेले आले, सुकी मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी थंड करून वर ओतावी, काकडी किसून मिसळावी. सोबत ताकातली मिरची तळावी, आणि कैरीचा तक्कू वाढावा: दोन कैऱ्या किसून त्यात एक किसलेला कांदा, तेवढाच गूळ, मीठ, संकेश्वरी मिरचीचे तिखट आणि मोहरी-हिंगाची गार फोडणी. वडिलांच्या वाट्याचा तक्कू गूळ घालण्यापूर्वी बाजूला काढावा. दहीबुत्तीही त्यांना वाटीभरच द्यावी आणि उसळ जास्त वाढावी, बाईंनी सांगितलेच आहे.

मटकीबद्दल एक युक्ती. सकाळी भिजत घातली, संध्याकाळी निथळून सुती फडक्यात बांधली की या दिवसांत दुसऱ्या दिवशी सकाळी मोड आलेलेच असतात. फडके ओले गच्च ठेवले तर मटकी बुळबुळीत होते, ते फक्त दमट असावे. मोड आले की डब्यात भरून शीतकपाटात ठेवावी, दोन रात्रींची उसळ होते.

आणि हे विसरू नये: वैशाखात दुपारनंतर ढग दाटले, वळीव आला की वीज जाते. संध्याकाळी मिक्सरवर अवलंबून असलेला कोणताही बेत ठरवू नये. शेंगदाण्याचे कूट, पुटाणीची पूड, खोबरे-लसूण चटणी सकाळी वीज असतानाच करून ठेवावी. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री तर आमच्याकडे कोण केव्हा परत येईल याचा नेम नसतो. त्या दिवशी मी संध्याकाळीच दशम्या आणि तक्कू करून ठेवते. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवलेली असल्याने दशम्या मध्यरात्रीही मऊ राहतात.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. कच्च्या फणसाबद्दल कोणीच लिहिले नाही. काल उत्साहाने एक लहान फणस आणला आणि तो तसाच कोपऱ्यात उभा आहे. तो कसा कापावा?

जांबोटीची माहेरवाशीण

दादा, हाताला, विळीच्या पात्याला आणि खाली अंथरलेल्या कागदाला आधी खोबरेल तेल लावल्याशिवाय त्याला हात लावू नका, नाहीतर चीक बोटांना दोन दिवस सोडणार नाही. पाण्याने तो जात नाही, तेलानेच जातो. फणसाचे आडवे गोल काप करा, बाहेरची काटेरी साल आणि मधला कडक दांडा काढून टाका, उरलेल्या फोडी हळदीच्या पाण्यात टाका म्हणजे काळ्या पडत नाहीत. कुकरमध्ये दोन शिट्ट्या करून त्या हाताने चुराव्यात, धागे सुटतात. मग मोहरी, सुकी मिरची, भिजवलेली हरभरा डाळ आणि भरपूर ओले खोबरे. कांदा-लसूण लागतच नाही, म्हणून सोमवारी करा. सुटीच्या दिवशीच करा असे मात्र सांगते, कारण पहिल्या फणसाला नवशिक्याचा एक तास सहज जातो.

टिळकवाडीकर

बारा दिवसांनी पुन्हा लिहीत आहे, कारण ज्यांनी इतके सविस्तर लिहिले त्यांना काय झाले ते कळवणे योग्य आहे.

सुशीला पहिल्याच दिवशी जमला. मुलगी आकडे मोठ्याने मोजते आणि आठला थांबायचे असा तिने स्वतःचा नियम केला आहे. आमच्या दुकानातल्या चुरमुऱ्यांना तोच बरोबर आहे. आंबील मुलांना पहिल्या दिवशी आवडले नाही. तिसऱ्या दिवशी बारा वर्षांच्या मुलाने ते स्टीलच्या पेल्याऐवजी उंच काचेच्या पेल्यात मागितले आणि त्यानंतर तक्रार ऐकू आली नाही. यात माझे कौशल्य काहीही नाही.

आंबोळीच्या पिठाबाबत बाईंनी बजावूनही मी एका रात्री ते बाहेरच विसरलो. सकाळी झाकण तिरके झालेले होते आणि पीठ ओट्यावरून ओघळून शेगडीच्या खटक्यांपर्यंत पोहोचले होते. खटके काढून घासण्यात पाऊण तास गेला आणि त्या दिवशी सर्वांनी पोळी-तक्कू खाल्ले. उरलेल्या आंबट पिठात थोडा रवा आणि कांदा घालून रात्री उत्तप्पे केले, ते मात्र आईला आवडले.

सर्वांत मोठा बदल कण्यांनी केला. वडिलांचे बालपण रायबागकडे गेले आहे, हे मला माहीत होते. पण त्यांनी पहिला घास घेतल्यावर "यात ताक ओतण्याआधी आमची आजी थोडे कच्चे तेल घालायची" असे सांगितले, ते मी त्यांच्याकडून पूर्वी कधीच ऐकले नव्हते. शेंगदाण्याचे तेल चमचाभर घालून पाहिले. डॉक्टरांनी त्यांना रात्री एक वाटी कण्या, एक वाटी उसळ आणि ताक असे प्रमाण सांगितले असून जेवणाची वेळ आठची ठरवून दिली आहे. कवळीचा विषय त्या ताटावर निघत नाही.

फणसाला एक तास नव्हे, दीड तास लागला.

पत्नी येत्या रविवारी दोन दिवसांसाठी येत आहे आणि तिच्यासोबत तिची बहीणही येणार आहे. फोनवर सर्व ऐकून तिने रविवारी रात्री कण्याच हव्यात असे सांगितले आहे. अथणीकर काका, सात माणसांना तीन वाट्या पुरतील का, आणि माझा कुकर पाच लिटरचा आहे, त्यात त्या एका वेळी बसतील का?

अथणीकर

तीन वाट्या पुरतील. परंतु तीन वाट्या कण्या आणि बारा वाट्या पाणी म्हणजे पाच लिटरच्या कुकरला जास्त होते. कण्या फुगल्या की शिट्टीच्या वाटेने पेज बाहेर येईल आणि पुन्हा खटके घासावे लागतील. दोन खेपांत लावाव्यात. पहिली खेप पातेल्यात काढून झाकून ठेवावी, ती तासभर गरम राहते. आणि आजींच्या तेलाबद्दल वडिलांना माझा नमस्कार सांगावा. आमच्याकडेही ते घालत असत, मी लिहायला विसरलो.

निपाणीच्या बाई (निवृत्त, गृहविज्ञान)

पहिली खेप झाकून ठेवायला हरकत नाही. उरल्या तर मात्र परातीत पसरून निववाव्यात आणि शीतकपाटात ठेवाव्यात. भाताला जे लागू तेच कण्यांना.